झिलू शिपाई आणि साहेबांच्या टाकीतली वाळू

खाडीकाठी एक तालुक्याचं गाव होतं आणि त्या गावात एक भोळा शिपाई होता. झिलू त्याचं नाव. तहसील कचेरीत माडीवर साहेबांची केबिन होती. तिच्या बाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं आणि सांगितलेलं करायचं, एवढंच त्याचं काम. आणि सांगितलेलं तो करायचा. तंतोतंत करायचा. अडचण तेवढीच होती.

एकदा साहेब म्हणाले, "मी जेवून येतो. फोन वाजला की उचल." फोन वाजला. झिलूने उचलला. साहेब जेवून, हात पुसत परत आले तेव्हा झिलू रिसीव्हर डोक्याच्या वर धरून उभा होता आणि पलीकडचा माणूस हॅलो-हॅलो करून रडकुंडीला आला होता.

साहेब म्हणजे तहसीलदार वाघचौरे. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता. दमणूक घालवायला त्यांनी केबिनमध्ये दोन फुटांची काचेची टाकी ठेवली होती. आत समुद्रासारखं खारं पाणी, दगडांवर वाढलेली जिवंत प्रवाळं, दोन नारिंगी मासे आणि एक लाजरी कोळंबी. तळाला चार बोटं जाडीची पांढरी वाळू. चार वर्षं साहेबांनी ही टाकी जपली होती. झिलूचाही तिच्यावर जीव. सकाळी तो आधी साहेबांना नमस्कार करी, मग माशांना. साहेब उशिरा आले तर आधी माशांना.

त्या वर्षी खाडीतल्या चोरट्या वाळूउपशाची तालुकाभर बोंब झाली. तक्रारींवर तक्रारी आल्या. प्रत्येकीवर साहेबांनी 'चौकशी चालू आहे' असं लिहिलं. शेवटी निरोप आला की पंधरा दिवसांनी खुद्द कलेक्टर मॅडम पाहणीला येणार. साहेबांना घाम फुटला. त्यांनी केबिनभर नजर फिरवली, आणि ती टाकीच्या तळाशी येऊन थांबली.

"झिलू, मॅडम येतील तेव्हा माझ्या केबिनमध्ये वाळूचा कण दिसता कामा नये."

खाडीतली वाळू वाचवणं साहेबांना जमण्यासारखं नव्हतं. टाकीतली काढणं जमण्यासारखं होतं.

त्यांनी टाकीवाल्याला फोन केला. टाकीवाला घाबरला. म्हणाला, चार वर्षांची मुरलेली टाकी आहे, घाई केलीत तर सगळं जाईल. साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि झिलूला थोडक्यात सांगितलं.

"वाळू रोज थोडी थोडी काढायची. एका वेळी तळहाताएवढी जागा. एकदम काढली तर मासे मरतील. आलं लक्षात?"

"आलं, साहेब."

आणि खरंच आलं होतं. झिलूच्या लक्षात सगळं यायचं. फक्त तिथून ते भलत्याच वेळी बाहेर पडायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने चहाचा चमचा घेतला, बाही वर केली आणि टाकीत हात घातला. चमचाभर वाळू काढायला त्याने असं काही खरवडलं की पाण्याचं ताक झालं. तळातून काळी घाण उसळली, सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि मासे दगडामागे जाऊन बसले. साहेब धावत आले. टाकीवाल्याला विचारून त्यांनी तासाभरात अर्धं पाणी बदललं, तेव्हा कुठे मासे वाचले.

"अरे, चमच्याने ढवळतात का? खाली घाण साठलेली असते. ती वर आली की सगळ्यांचा जीव जातो. खाली बसलेलं कधी ढवळायचं नाही! आलं लक्षात?"

"आलं, साहेब."

दुपारी प्रांत साहेब आले. झिलूने चहा ठेवला. प्रांतांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाही का रे?"

"आहे ना साहेब. खाली बसलीय."

"मग ढवळ की!"

"नको साहेब," झिलू हळूच म्हणाला. "ढवळलं की सगळ्यांचा जीव जातो. आमच्या साहेबांनी सांगितलंय."

प्रांतांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा वाघचौरे साहेबांकडे बघितलं, आणि कप दूर सारून ते आल्या पावली निघून गेले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! ते टाकीचं होतं. आता नीट ऐक. ही नळी. एक टोक वाळूवर, एक खाली बादलीत. तोंडाने जरा ओढ, मग पाण्याबरोबर वाळू आपोआप येते. आणि पाणी गढूळ दिसलं की थांबायचं. पुढे जायचंच नाही. आलं लक्षात?"

"आलं, साहेब."

आणि हे काम मात्र झिलूने फार सुंदर केलं. नळी वाळूवर अलगद धरली. वाळू सुळसुळत बादलीत आली. तळहाताएवढा तळ स्वच्छ झाला, पाण्यात धुकं दिसायला लागलं, तसं त्याने नळी चिमटीत धरून बंद केली. माशांना पत्ताही लागला नाही. "शाब्बास," साहेब म्हणाले. झिलूला शाब्बासकीची सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत तो स्टुलावर ताठ बसून होता.

याला जमतंय म्हणून साहेबांनी त्याला तिसऱ्या दिवशी नोटीस देऊन खाडीवर पाठवलं. "होडीतून पलीकडे जा आणि वाळूवाल्यांच्या हातात दे." झिलू सकाळी नऊला गेला. संध्याकाळी सहाला परत आला. नोटीस खिशातच.

"दिली का नाहीस?"

"पाणी गढूळ होतं, साहेब. थांबलो."

"दिवसभर?"

"दिवसभर गढूळच होतं. तिथे तीन मोठे पंप चालू होते. या एवढाल्या नळ्या! साहेब, त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. एकदम ओढतात. मी काठावरून ओरडून सांगितलं, रोज थोडी थोडी काढा, एकदम काढली तर मासे मरतील."

साहेबांचा आवाज बारीक झाला. "मग?"

"त्यांनी विचारलं, असं कोण म्हणतं? मी म्हटलं, तहसीलदार साहेब म्हणतात. लोक चांगले आहेत, साहेब. लगेच पंप बंद करून त्यांनी तुमच्या नावाने टाळ्या वाजवल्या. मग परत चालू केले."

दोन दिवसांनी खाडीच्या पुलावर फ्लेक्स लागला. 'रोज थोडी थोडी वाळू काढण्यास तोंडी परवानगी दिल्याबद्दल मा. तहसीलदार साहेबांचे जाहीर आभार.' फोटोही होता. फोटोत साहेब हसत होते.

साहेब त्या फ्लेक्सवर संतापून केबिनमध्ये शिरले तर टाकीतलं सगळ्यात उंच प्रवाळ पाण्याबाहेर उघडं पडून मलूल झालेलं. वाळूबरोबर रोज पाणी जात होतं आणि ते भरायचं कोणी सांगितलं नव्हतं.

"अरे, बाहेर गेलेलं पाणी कोण भरणार? जेवढं बाहेर गेलं तेवढं आत आलं पाहिजे! आणि जसं गेलं तसंच. खारं गेलं तर खारंच. भलतंच काही आत घेतलंस तर सगळं मरेल. आलं लक्षात?"

"आलं, साहेब." झिलूने मीठ मापून पाणी कालवलं आणि वाटीवाटीने टाकी भरली. प्रवाळ संध्याकाळपर्यंत परत फुललं.

दुसरा दिवस लोकांच्या भेटीचा. केबिनबाहेर रांग. पहिली आत गेली सुंदराबाई नावाची म्हातारी. तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. साहेबांनी "पुढच्या आठवड्यात या" म्हणून तिला बाहेर पाठवलं. मागे वकील उभे होते. ते पुढे सरकले. झिलूने हात आडवा घातला.

"तुम्ही नाही. म्हातारी बाहेर गेली. म्हातारीच आत जाणार."

"अहो, माझा नंबर आहे!"

"भलतंच आत घेतलं तर सगळं मरेल."

रांगेत दुसरी म्हातारी नव्हती. झिलू जिन्यावरून धावला, सुंदराबाईला अर्ध्या वाटेवर गाठलं आणि परत आत सोडलं. साहेबांनी पुन्हा "पुढच्या आठवड्यात" म्हटलं. ती बाहेर आली. झिलूने पुन्हा आत पाठवली. चौथ्या खेपेला साहेबांनी मान वर न करता सही ठोकली. सव्वा वर्ष अडकलेला दाखला घेऊन म्हातारी बाहेर आली आणि झिलूच्या पाया पडायला लागली. तोही तिच्या पाया पडला. जेवढं तेवढं.

असे पंधरा दिवस गेले. कचेरीचं काय व्हायचं ते झालं, पण टाकी एकदम झकास. एक कोपरा सोडला तर सगळा तळ मोकळा होता, पाणी आरशासारखं, प्रवाळं फुललेली, मासे खुशीत. चार वर्षांची वाळू, एक जीव न गमावता, संपत आली होती.

पंधराव्या दिवशी साहेब गुच्छ घेऊन पुढच्या फाटकात उभे राहिले. कलेक्टर मॅडम मागच्या फाटकातून आल्या. केबिनमध्ये झिलू एकटाच होता, तोंडात नळी.

"काय करतोस?"

झिलूने नळी चिमटली आणि उभा राहिला. "वाळू काढतोय, मॅडम."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तहसीलदार साहेबांच्या."

"कधीपासून?"

"तुम्ही येणार हे कळलं तेव्हापासून. तुमच्या नजरेला कणसुद्धा पडता कामा नये म्हणाले."

"आणि काढलेली वाळू जाते कुठे?"

"मागच्या दाराने, मॅडम."

तेवढ्यात साहेब धापा टाकत वर आले. त्यांनी टाकी दाखवली, हात जोडले, सगळं उलगडून सांगितलं. मॅडम वाकल्या, मासे बघितले आणि हसल्या. साहेबांच्या जिवात जीव आला. मग मॅडम सरळ झाल्या.

"ही छान काढलीत. आता खाडीचं सांगा. येताना मी पूल बघितला. फ्लेक्सही वाचला."

"चौकशी चालू आहे, मॅडम."

मॅडमचा पारा चढला. त्यांनी सगळ्या कचेरीला व्हरांड्यात उभं केलं. "पुरे झाली चौकशी! वाळू काढायचं साहित्य जिथे दिसेल तिथे या क्षणी सील ठोका. आत कोण आहे ते बघू नका. रडतील, ओरडतील, ओळखी सांगतील. ऐकायचं नाही. उद्या दबावाखाली मी स्वतः म्हटलं तरी ते सील तोडायचं नाही!"

एवढं बोलून त्या आणि साहेब अहवाल लिहायला केबिनमध्ये गेले.

कचेरी कामाला लागली. अव्वल कारकुनाने आदेशाचा मसुदा कसा असावा यावर टिपण सुरू केलं. ड्रायव्हर गाडीत डिझेल आहे का ते बघायला गेला. तलाठी फोनला रेंज शोधत गच्चीवर गेला. 'या क्षणी' म्हटलं ते फक्त झिलूने ऐकलं. त्याला वाळू काढायचं साहित्य कुठे आहे ते माहीत होतं. त्याने केबिनच्या दाराला बाहेरून कडी घातली, सुतळी गुंडाळली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि कचेरीचा शिक्का दाबला. मग स्टुलावर बसला.

अर्ध्या तासाने दार हललं.

"झिलू! दार उघड!" साहेब.

"सील आहे, साहेब."

"मी सांगतोय ना!"

"ओरडतील म्हणाल्या होत्या मॅडम."

मग दुसरा आवाज आला. "अरे, मी कलेक्टर बोलतेय. उघड!"

मॅडम बोलताहेत म्हणून झिलू उभा राहिला आणि बंद दाराला त्याने नमस्कार केला. "दबावाखाली आहात, मॅडम. समजतं मला."

आत बराच वेळ कुजबुज झाली. मग साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले, "बाबा रे, दार राहू दे. आम्ही खिडकीतून उडी मारतो. खाली टाकायला काहीतरी मऊ आण. भरपूर आण. आणि लवकर!"

"आणतो, साहेब."

झिलू जिना उतरून खाडीच्या रस्त्यावर धावला. पाच मिनिटांत खिडकीखाली एक डंपर येऊन थांबला. मागून दुसरा आला. त्याच्यामागे तिसरा. साहेबांनी मागवलंय म्हटल्यावर कोणी काही विचारलंच नव्हतं. तिन्ही डंपर ओतले आणि कचेरीच्या भिंतीला लागून ओला, चमकता ढीग उभा राहिला. मॅडमनी खिडकीतून खाली बघितलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

झिलू ढिगावर चढला, दोन्ही हात वर पसरून हसला आणि म्हणाला,

"मारा उडी, मॅडम! एकदम मऊ आहे. आजच काढलीय, आपल्याच खाडीतली!"