मंजुळेची आरोळी

फार जुनी गोष्ट. तेव्हा पाखरांनाही राष्ट्रं होती, त्यामुळे साहजिकच शत्रूही होते. वडावर पोपटांचं राज्य होतं आणि समोरच्या उंबरावर साळुंक्यांचं.

साळुंक्यांची राणी सावळाबाई हिने मंजुळा नावाच्या साळुंकीला वडावर हेर म्हणून धाडलं. मंजुळेने पानांआड बसून पोपटांची "साप आला!" ही आरोळी शिकून घेतली आणि एका सकाळी हुबेहूब ठोकली. सगळे पोपट उडाले. साळुंक्यांनी वडाची पिकलेली फळं फस्त केली आणि मंजुळेला 'राष्ट्ररत्न' किताब मिळाला.

पोपटांचा राजा हिरोजी भडकला. त्याने कडक हुकूम काढला, की यापुढे आरोळी ऐकून कोणीही जागचं हलायचं नाही.

पुढच्या कामगिरीवर मंजुळा वडावर पोचली, तर खरोखरचाच साप ढोलीकडे सरकत होता. आत पोपटांची पिल्लं होती. तिला स्वतःची पिल्लं आठवली. देशकार्य विसरून ती जीव तोडून ओरडली, "साप आला! पिल्लं वाचवा!"

हिरोजी हसला. "शत्रूची चाल बघा."

"अहो महाराज, मी शत्रूचीच आहे, पण साप खरा आहे! खाली बघा तरी!"

"कोणीही खाली बघू नका," हिरोजीने सैन्याला बजावलं. "तिला तेच हवंय."

सापाचं पोट भरलं. सावळाबाईने मंजुळेला देशद्रोही ठरवून हाकललं. वडावर मात्र विजयोत्सव झाला, कारण या वेळी पोपट मुळीच फसले नव्हते.