बहिऱ्यांना हाका

परदेशात शिकून आलेल्या मृण्मयीला वाटलं होतं, समाजकल्याण कचेरीत कामचुकार माणसं भेटतील. भेटला तो घसा फुटेस्तोवर नावं पुकारणारा शिपाई रावजी. तरीही श्रवणयंत्रासाठी आलेली माणसं बाकावर नुसती बसून राहत आणि गैरहजर ठरून घरी जात.

"आवाजच बसका मेल्याचा! उद्यापासून येऊ नकोस," कचेरीचे प्रमुख धुमाळसाहेब रावजीवर गरजले. तो रडवेला झाला.

"साहेब, याच्याआधी कोण होतं?" नव्या अधिकारी मृण्मयीने विचारलं.

"दोघं होते. दोघांनाही हाकललं. असलेच!"

"म्हणजे गळे तीन झाले, पद्धत तीच. चौथा तुतारी घेऊन आला तरी बहिऱ्यांना हाक ऐकू जाणार कशी, साहेब?"

कचेरी खदाखदा हसली. "मग तुम्हीच बघा काय ते!" म्हणत साहेब आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयीने पुकारा बंद केला आणि नावं लिहून दाखवायला रावजीच्याच हाती पाटी दिली.