उंडगी कंपनी आणि महाराजांचा पाय

“माझा पाय हलवून दाखव!” राजे भुजंगराव सिंहासनावरून गरजले. “हलला, तर तुझी कंपनी तुझी. नाही हलला, तर उद्यापासून ती सरकारजमा!”

समोर उभी होती हौसा, लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या तात्याबाची मुलगी. ती काही बोलण्याआधीच म्हातारे दिवाण त्र्यंबकपंत तिच्या वतीने उत्तर शोधू लागले. पंत चार शास्त्रं शिकलेले. कुठल्याही प्रश्नाला त्यांना निदान दोन उत्तरं सुचत आणि दोन्ही चुकीची वाटत. आज मात्र एकही सुचेना. कारण महाराजांचा पाय कधी कुठल्या संगीतावर हललाच नव्हता! राजाचा पाय हलला की राज्य हलतं, अशी त्यांची ठाम समजूत. स्वतःच्या वरातीत घोडा नाचला, पण वरचे महाराज तसूभर हलले नाहीत.

भांडण होतं ते तबकड्यांचं. राज्यातली सगळी गाणी दरबारच्या संगीतखात्यातून निघत. हौसाने पिठाच्या गिरणीमागे एक खोली घेतली, त्यात कॉम्प्युटर मांडला आणि स्वतःची कंपनी काढली. कुणाच्या दावणीला बांधलेली नाही, म्हणून नाव ठेवलं ‘उंडगी’! तिच्या तबकडीत ना गवई, ना शब्द. नुसते यंत्रातले सूर आणि खालून धप् धप् ठोका. पहिली तबकडी एका लग्नात वाजली, तेव्हा नवरानवरी अक्षता पडायच्या आधीच नाचायला लागली. मग जत्रा झाली, मग आठवड्याचा बाजार. शेजारच्या राज्यातली पोरं सायकली हाणत तबकड्या न्यायला येऊ लागली. आणि खात्याच्या तबकड्यांवर लोक पापड वाळवू लागले!

खात्याचे प्रमुख केशवबुवा यांनी शेवटी दरबारात टाहो फोडला, आणि त्यातून ही पैज निघाली.

“कबूल आहे, महाराज,” हौसा म्हणाली. “पण पाय हलला हे ठरवणार कोण? तुम्ही म्हणाल, मुंगी चावली!”

“दिवाणजी ठरवतील.”

“मी?” पंत दचकले. “महाराज, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही!”

“मग पायावर लिंबू ठेवा की, पंतकाका,” हौसा म्हणाली. “पडलं तर पडलं. त्यात काय शास्त्र बघायचं?”

“आणि आवाज बेताचा!” बुवा ओरडले. “जमीन हादरवून लिंबू पाडलंस, तर ते संगीत नव्हे, भूकंप!”

“बुवा, तुमच्या गाण्यापेक्षा हळू वाजवते. मग तर झालं?”

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या मोजडीवर लिंबू ठेवलं गेलं. पंत गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे एकटक बघत राहिले. हौसाने दोन छोटे स्पीकर मांडले आणि बटण दाबलं.

धप् धप् धप् धप्!

भालदारांचे भाले डुलायला लागले. पंखा ढाळणारी दासी ठोक्यावर वारा घालू लागली. खुद्द बुवांची बोटं मांडीवर चालू झाली. त्यांनी ती दुसऱ्या हाताने घट्ट धरली. लिंबू मात्र जागच्या जागी!

दुसरा तुकडा वाजला. महाराज जांभई देत म्हणाले, “एवढंच?”

‘संपलं,’ पंतांच्या मनात आलं. ‘पोरीची कंपनी गेली. मीच काल मध्ये पडायला हवं होतं. का नको होतं?’

हौसा मात्र महाराजांच्या पायाकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने तिसरा तुकडा लावला. ठोके दुप्पट झाले, मग चौपट. एक सूर वर वर चढू लागला, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ चढते तसा. मग खालचा ठोकाच नाहीसा झाला. नुसता सूर, आणखी वर, आणखी वर! अख्खा दरबार पुढे झुकला. महाराजांच्या भुवया कपाळावर गेल्या. आता पडणार ठोका, आता…

हौसाने बटण बंद केलं.

कुणीतरी खाकरलं.

“पुढे?” महाराज म्हणाले.

“संपलं, महाराज.”

“संपलं कसं? एवढं वर नेलंस ना?”

“नेलं.”

“मग खाली कोण आणणार? अर्धवट काम! अगं, तो सूर चढला, चढला, आणि मग इथे,” महाराज तावातावाने उठले आणि त्यांनी पाय उचलून दाणकन आपटला, “इथे धप् पडायला नको?”

लिंबू उडालं, घरंगळत थेट पंतांच्या गुडघ्याला येऊन लागलं. पंतांनी ते उचललं, दोन्ही बाजूंनी नीट तपासलं आणि ते म्हणाले, “महाराज, माझी चूकही होत असेल… पण हे पडलंय.”

“हरकत आहे!” बुवा उसळले. “पाय हलला तेव्हा संगीत बंद होतं! मग हिच्या संगीताने हलवला कसा?”

मुद्दा बिनतोड होता. पंतांना तर तो लगेच पटला, आणि म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

हौसा हसली. “बुवा, महाराज काय म्हणाले? ठोका ‘इथे’ पडायला हवा. अलीकडे नाही, पलीकडे नाही, इथेच! ती जागा त्यांना कुणी दाखवली? पाट मी मांडला, बुवा. बसले महाराज!”

महाराजांच्या पोटातून हसू असं उसळलं की मुकुट कानावर आला.

“जिंकलीस, पोरी! कंपनी तुझी. वर माग काय हवं ते!”

“तबकड्या छापायचं यंत्र द्या. खात्यात तीन आहेत, त्यातली दोन धूळ खातायत.”

“दिली दोन्ही! जत्रेचं मैदानही दिलं! पण हा तुकडा तबकडीवर निघाला पाहिजे. माझ्या ठोक्यासकट!”

“काढते की! फक्त एक आहे, महाराज. ठोका तुम्ही जरा उशिरा दिलात. उंडगीत तालमीशिवाय कुणाला घेत नाही. सकाळी गिरणीमागे यावं लागेल.”

बुवांनी कानांवर हात ठेवले. महाराजांनी मुकुट सरळ केला आणि हसत हुकूम सोडला, “दिवाणजी, उद्याचा दरबार रद्द!”