सतरंजीची जागा

एकदा एक शिष्य एका चिमुकल्या चंद्रावर जाऊन पोचला. त्या चंद्राच्या ग्रहाभोवती भलंमोठं तेजस्वी कडं होतं आणि ते आभाळात उगवताना पाहायचं, हा त्याचा ध्यास. निघताना थकलेल्या वडिलांनी एवढंच मागितलं होतं, "कसं दिसतं ते येऊन सांग, बाळ. माझं काही आता तिकडं जाणं होत नाही."

चंद्रावर एक वृद्ध गुरू एकटेच राहत. शिष्याने त्यांना नमस्कार केला, झोपडीपुढची मोक्याची जागा हेरली आणि सतरंजी टाकून ती धरली. मग गडी जेवायलासुद्धा उठेना.

"अरे, आमटी निवतेय!"

"जागा जाईल, गुरुजी."

"घेणार कोण? इथं माणसं दोन. त्यातला एक मी, आणि माझे गुडघे खाली बसायला राजी नाहीत!"

शिष्य ढिम्म. रोज एकच प्रश्न, "गुरुजी, कडं कधी उगवेल?" गुरू गालातल्या गालात हसत आणि आमटी तिथंच आणून देत. वर्ष सरलं. आभाळ कोरं ते कोरंच.

शेवटी वर्षातून एकदा येणारं व्यापाऱ्याचं यान उतरलं. "तासाभरात निघायचं हं," व्यापारी म्हणाला. शिष्य कसाबसा उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. वडिलांना सांगायचं काय? कोरं आभाळ?

तेवढ्यात गुरूंनी भलतंच केलं. सतरंजी ओढली, काखेत मारली आणि टेकडीकडे धूम ठोकली. त्या हलक्या चंद्रावर म्हातारा टणाटणा उड्या मारत निघाला!

"गुरुजी! माझी जागा!" शिष्य मागे धावला.

टेकडीच्या माथ्यावर तो थबकला. क्षितिजाआडून उजेडाची कोर डोकावत होती. त्याने एक उडी मारली, कोर वर सरकली. आणखी चार उड्या, आणि अवघं कडं समोर झळकलं.

गुरू धापा टाकत म्हणाले, "शहाण्या, या चंद्राचं तोंड कायम ग्रहाकडेच. इथं ग्रह उगवत नाही की मावळत नाही, आहे तिथंच असतो. झोपडी पडते पलीकडच्या अंगाला. तिथं शंभर वर्षं बसलास तरी आभाळ कोरंच. आपण चाललो, तरच कडं सरकतं."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"तू 'कधी' विचारत होतास. 'कुठून' विचारलं असतंस, तर त्याच दिवशी इथं आणलं असतं." मग डोळे मिचकावून म्हणाले, "आणि झोपडी तिथं का बांधली, ठाऊक आहे? मीही तीन वर्षं तिथंच जागा धरून बसलो होतो. एकट्यानेच खुळा ठरायचा कंटाळा आला होता रे!"

शिष्य खो खो हसला. दोन उड्या मागे, कडं बुडालं. दोन उड्या पुढे, कडं उगवलं. वडिलांसाठी त्याने ते चार वेळा उगवून घेतलं आणि यानाकडे पळाला. सतरंजी मात्र गुरूंच्या काखेतच राहिली. त्याला आठवलीही नाही.

आपली सतरंजी कुठं अंथरलीय, ते बसल्या बसल्या कळत नाही. जरा उठून बघा.