उखळावर उरलेली चाल

चर्चची घंटा दुपारचे बारा वाजवत होती, तेवढ्यात वडखाडीच्या धक्क्यावर एक गोरा म्हातारा उतरला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. गोष्ट फार जुनी, वसईकडच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता तेव्हाची. म्हातारा इटलीचा, नाव ज्युलियानो. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांची गाणी तिकडे राजेलोक ऐकायचे, असं म्हणतात. गावाने त्याचा जुल्यान मास्तर केला.

मास्तर आले गाणं शिकवायला, पण गावात शिकायचं होतं कोणाला? ज्याला त्याला स्वतःची चाल बांधायची होती. आणि चाल कसली, तर हरकतींवर हरकती, नवरीच्या अंगावर सात घरचे दागिने घालावेत तशा. सांगून सांगून मास्तरांचे उरलेसुरले केस गेले, असं म्हणतात. शेवटी त्यांनी नियमच केला. नवी चाल आधी उखळापाशी न्यायची. बायकांनी भात कांडता कांडता ती म्हणायची. जिथे दम लागेल तिथली हरकत काढून टाकायची.

सगळ्यात हट्टी कायतान कोळी. नाताळसाठी त्याने चाल बांधली आणि बायको मर्तीनच्या हाती मुसळ दिलं. दुसऱ्याच ओळीला ते तिच्या पायावर पडता पडता राहिलं.

“ह्यात श्वास कुठं घेऊ ते तरी सांग,” ती म्हणाली. “का मेल्यावर घेऊ?”

बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरांनी एकेक हरकत काढायला लावली. उरली अगदी साधी चाल, पाळण्यापाशी म्हणावी एवढी.

“माझं काय राह्यलं यात?” म्हणत कायतान रागारागाने होडी घेऊन समुद्रात गेला.

सकाळी धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. कायतान परत आला नव्हता, आणि धक्क्याच्या दोन्ही अंगांना खडक. मास्तरांचे शिष्य त्याला आवाज द्यायला गाऊ लागले. पण सवय जाते कुठे? जो तो आपली चाल, आपल्या हरकती. समुद्रावर नुसता गलका. किनारा कुठल्या बाजूला, कोणाला कळणार? मर्तीन पोराला कडेवर घेऊन उभी होती.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “गप्प बसा रे सगळे. उखळं आणा.”

बायकांनी उखळं लोळवत आणली. मुसळं एका ठेक्यात पडू लागली. कांडून कांडून पाठ झालेली ती साधी चाल सगळ्यांच्या तोंडून एकदम निघाली. लाटासुद्धा त्या ठेक्यावर फुटू लागल्या, धुकं जुन्या लुगड्यासारखं मधोमध फाटलं आणि त्या फटीतून होडी आली, असं म्हणतात.

कायतान धक्क्यावर उतरला. “मास्तर, ती माझीच चाल ना?”

“उरली तेवढी तुझी,” मास्तर म्हणाले. “एवढं कळायला बुडायला जावं लागतं का?”

भात आता गिरणीत जातो. तरी वडखाडीच्या चर्चच्या दाराशी मास्तरांच्या नावाचं उखळ आहे. नवं गाणं आधी तिथे कांडून बघतात, मगच आत नेतात. आणि तरीही दर नाताळला कोणीतरी हळूच हरकत घुसवतोच. तुमच्याकडे कोणी चाल बांधत असेल, तर त्याच्या कानावर घाला, आधी कांडून बघ म्हणावं. नाही ऐकलं तर पुन्हा सांगा. मास्तरांनी तरी दुसरं काय केलं?