हिमवादळ आलं आणि गाय दरबारात

आधी पाय पांघरुणात घ्या बघू. घेतले? मग ऐका.

एक होता राजा. नाव सोनभद्र. उंच उंच डोंगरावर त्याचं राज्य. राज्य एवढंसं, एका गावाचं. पण राजा मोठा हौशी, बरं का!

एकदा काय झालं, राजा गच्चीत ऊन खात बसला होता. तेवढ्यात एक रानहंस धापा टाकत कठड्यावर उतरला. म्हणाला, "राजा, माझ्यामागून हिमवादळ येतंय. असं बर्फ पडेल, की घरं दिसायची नाहीत. तयारीला लाग!" आणि भुर्रकन उडून गेला.

राजाने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. गावातली घरं काड्यामातीची. ती कशी टिकणार? मग त्याने दवंडी पिटवली, "सगळ्यांनी राजवाड्यात राहायला या!"

मग काय, नुसती धांदल उडाली. राजाने स्वतः कुऱ्हाड घेतली. हाताला फोड आले, पण लाकडांचा ढीग आढ्याला लागला. राणी केतकावतीने पोती पोती पीठ दळून घेतलं. मग तिने आपली भरजरी लुगडी काढली, पीळ देऊन त्यांचे दोर वळले आणि राजवाड्याचं छप्पर करकचून बांधलं.

सगळे आले. एक ठकूबाई तेवढी आली नाही. ती टेकडीवरची म्हातारी. राजा धावत तिच्याकडे गेला. बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

"ठकूबाई, चला!"

"नाही येत जा. माझी चांदणी गाय गाभण आहे. तिला टाकून येऊ?"

"तिलाही आणा की."

"आणि बांधू कुठे?"

राजाने डोकं खाजवलं. "सिंहासनापाशी बांधू!"

राजवाड्याच्या दारात गाय बघून प्रधानजींनी नाक मुरडलं. पण राजाने स्वतः गाईचं दावं धरलं, दोघींना आत आणलं आणि दाराला अडसर घातला.

आणि मग आलं वादळ. घूंऽऽ घूंऽऽ!

वाऱ्याने दारावर धडक दिली. अडसर हलला नाही. मग तो धुराड्यातून शिरला. खाली चूल अशी धडधडत होती, की शेपूट भाजून परत पळाला. मग चिडून त्याने छप्परच धरलं आणि ओढलं. कट्! एक दोर तुटला. राजाने उडी मारून टोक पकडलं. तर राजाच लागला वर जायला! राणीने राजाचे पाय धरले, आणि राणीला धरलं सगळ्या गावाने.

नेमकी तेव्हाच चांदणी व्याली. ठकूबाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे ए वाऱ्या! बाळंतिणीच्या घरी असा धिंगाणा घालतात का? वासरू दचकलं ना माझं!"

वारा थबकला. छपराच्या फटीतून डोकावला. ओलं ओलं वासरू लटपटत उभं राहत होतं. वारा ओशाळला. "चुकलं हं, आजी," असं हळूच म्हणाला, आणि आवाज न करता निघून गेला. बर्फ तेवढं पडत राहिलं, मऊ मऊ.

सकाळी दार उघडेना. बाहेर माडीच्या खिडकीपर्यंत बर्फ! सगळे माडीवर गेले. राजा म्हणाला, "परात आणा!" परातीत बसला आणि खिडकीतून सुर्रर्र... थेट डोंगराच्या पायथ्याशी! मागून राणी, मागून गाव. प्रधानजी तर तीनदा घसरले, पण ते कुणाला सांगायचं नाही हं.

मग सगळी आनंदात राहिली. झालं. मिटा डोळे. आता जो बोलेल, त्याला सकाळी साय मिळायची नाही.