गोल झाला, सर

बोरगेवाडी गावात मुलींची एक शाळा होती. शाळेचा फुटबॉल संघ दरवर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचा आणि पहिलाच सामना हरून दुपारच्या एसटीने घरी यायचा.

त्या वर्षी मात्र नवल घडलं. एकामागून एक सामने जिंकत संघ उपांत्य फेरीत पोचला. आठ सामन्यांत गोलरक्षक मैथिली डावरे हिने एकही गोल होऊ दिला नव्हता. नववा सामनाही तसाच गेला, तर जिल्ह्याचा नवा विक्रम तिच्या नावावर लागणार होता.

उपांत्य सामन्यात कप्तान शबाना मुल्लाणीने लवकरच एक गोल केला. शेवटची दोन मिनिटं उरली. तेवढ्यात समोरच्या मुलीने मारलेला चेंडू मैथिलीच्या हातातून निसटला आणि रेषेच्या आत पडला. तिने झेप घेऊन तो झटकन बाहेर ओढला.

"गोल! गोल!" समोरच्या मुली ओरडल्या.

पंच लांब होते. ते म्हणाले, "मला दिसलं नाही. खेळ सुरू करा."

मैथिलीने चेंडू छातीशी धरला. प्रेक्षक तिच्या नावाचा गजर करत होते. तिचे बाबा पायऱ्यांवर नाचत होते. चेंडू लांब मारला की झालं! तिने पाय उचललाही. पण तो चेंडूला लागेना.

ती चालत पंचांकडे गेली. "सर, गोल झाला. चेंडू आत होता."

पंचांनी गोल दिला. विक्रम गेला, आघाडीही गेली.

सामना बरोबरीत सुटला. आता निकाल पेनल्टीवर लागणार होता. शबाना रडकुंडीला आली. "सर, हिला काहीतरी सांगा! कुणी विचारलं होतं का हिला?"

प्रशिक्षक लोहार सर म्हणाले, "काय सांगू? सगळ्यांत जवळून तिनंच पाहिलं होतं. आता गोल करायचं काम तुमचं, अडवायचं तिचं."

शबानाने डोळे पुसले आणि पहिली पेनल्टी जाळ्यात मारली.

मैथिली गोलात उभी राहिली. मनावर कसलंच ओझं नव्हतं. पहिला फटका तिने डावीकडे झेपावून अडवला. दुसरा पायाने परतवला. तिसरा बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर घालवला. इकडे बोरगेवाडीच्या तिन्ही पेनल्टी जाळ्यात गेल्या. पाचांपैकी उरलेल्या दोन फटक्यांत बरोबरी होणं शक्यच नव्हतं. सामना तिथेच संपला! स्पर्धेत आजवर कुठल्याच गोलरक्षकाने पेनल्टीचे ओळीने तीन फटके अडवले नव्हते. शबानाने धावत येऊन तिला उचललं, आणि दोघी चिखलात पडल्या.

अंतिम सामन्यात मैथिलीवर दोन गोल झाले. तिच्या मैत्रिणींनी चार केले. बोरगेवाडीच्या शाळेत पहिल्यांदाच करंडक आला.

तात्पर्य: खरं बोलून गमावलेलं यश पुन्हा कमावता येतं, खोटं बोलून राखलेलं यश कधीच आपलं होत नाही.